वाचक विचारतात : बाण कोणाचा आणि कोणावर?

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि नववीच्या वर्गात लवकरच गतीच्या नियमांना हात घातला जातो. त्यामुळे या वेळच्या टपालात बल, वजन आणि मुक्त वस्तू आकृती यांच्यावरचेच प्रश्न जास्त आहेत, आणि सदर आम्ही सगळं त्यांनाच दिलं आहे. मुक्त वस्तू आकृती म्हणजे एकच वस्तू आजूबाजूच्या पसाऱ्यातून सोडवून घ्यायची, एकटी काढायची आणि तिच्यावर बाहेरून लागणारं प्रत्येक बल बाणानं दाखवायचं. कॉलेजात तिला सगळे एफबीडी (फ्री बॉडी डायग्रॅम) म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द. गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं आहे. जिथे त्याहून बारीक आकडा लागतो तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : नववीची मुलं 'बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण' हे घडाघडा म्हणतात. पण टेबलावरच्या पुस्तकावर कोणती बलं आहेत असं विचारलं की 'पुस्तक हलतच नाही, मग बल कुठलं?' असं उत्तर येतं. हुशार मुलं फार तर गुरुत्वाकर्षण सांगतात. टेबल वर ढकलतं हे कुणालाच पटत नाही. सुरुवात कुठून करावी?
— विज्ञान शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : मॅडम, मुलांचा आक्षेप प्रामाणिक आहे. टेबलाला ना हात ना जीव, ते ढकलणार कसं? 'न्यूटननं सांगितलं म्हणून' एवढ्यानं त्यांचं समाधान होणार नाही. टेबल वाकतं, वाकलेली वस्तू पुन्हा सरळ व्हायला बघते आणि म्हणून ढकलते, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तोवर सूत्र फळ्यावर लिहूच नका.

पहिल्या तासाला गादीच्या फोमचा तुकडा न्या आणि त्यावर अर्ध्या किलोचं वजन ठेवा. फोम दबतो. मुलांना तळहातानं दाबायला लावा, तो परत ढकलतो हे हाताला कळतं. मग दोन बाकांमध्ये ८० सेंटिमीटर फट ठेवून लाकडी मीटरपट्टी आडवी टाका आणि मधोमध तेच वजन ठेवा. पट्टी वाकते आणि एका जागी थांबते. इथे घाई करू नका. पृथ्वी ओढायची थांबलेली नाही, मग वजन खाली जायचं का थांबलं, हा प्रश्न वर्गात सोडून द्या आणि गप्प राहा. दोन-तीन मिनिटांत कुणीतरी 'पट्टी वर लोटते' म्हणतंच. त्यानंतर पट्टीच्या जागी प्लायची फळी टाका. तीही वाकते, फक्त दिसत नाही.

न दिसणारं वाकणं दाखवायला लेझर पॉइंटर आणि हातभर नव्हे, बोटभर आरसा पुरतो. आरसा टेबलावर सपाट ठेवा, किरण त्यावर तिरपा पाडा आणि परावर्तित ठिपका चार-पाच मीटर लांबच्या भिंतीवर घ्या. टेबलाच्या मध्यावर हातानं दाबलं की ठिपका सरकतो, हात काढला की जागेवर येतो. प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. लेझर त्याच टेबलावर ठेवला तर टेबलाबरोबर तोही हलतो, म्हणून तो खिडकीच्या कट्ट्यावर किंवा दुसऱ्या बाकावर पक्का बसवावा. आणि आरसा नेमका मध्यावर ठेवला तर तिथे टेबल खाली दबतं खरं, पण त्याचा उतार बदलत नाही, मग ठिपका जेमतेम थरथरतो. आरसा मध्य आणि कड यांच्या दरम्यान हवा. कडप्प्याच्या जाड ओट्यावर हे दिसणार नाही, प्लायचं किंवा पत्र्याचं टेबल घ्या. किरण मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येत नाही ना, हे आधी रिकाम्या वर्गात तपासून घ्या.

दुसऱ्या तासाला भाषा बदला. 'पुस्तकाला बल आहे', 'पुस्तकात बल आहे' ही वाक्यं वर्गातून हद्दपार करा. वहीत तीन रकाने आखायला लावा : कोण, कोणावर, कोणत्या दिशेनं. 'पृथ्वी, पुस्तकावर, खाली.' 'टेबल, पुस्तकावर, वर.' पहिला रकाना रिकामा राहिला तर ते बल नाही, मग ते कितीही खरं वाटो. हा एक नियम नववीत हाडात मुरला तर अकरावीतल्या निम्म्या चुका होतच नाहीत, असं आमचं ठाम मत आहे. सूत्र तिसऱ्या-चौथ्या तासाला आलं तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. उत्तरात 'वजन ५ किलो' लिहिलं म्हणून त्याचे गुण गेले. वाण्याकडे आपण ५ किलो तांदूळ मागतो, तो काही चुकीचं देत नाही. मग पुस्तकातलं वजन वेगळं आणि बाजारातलं वेगळं का? आणि आमच्या इतवारीतल्या सराफांचे इलेक्ट्रॉनिक काटे नक्की मोजतात तरी काय?
— एक पालक, इतवारी

उत्तर : वाणी बरोबर आहे आणि पुस्तकही बरोबर आहे. दोघं एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात, एवढंच. वाण्याला द्यायचा असतो माल, म्हणजे तांदूळ किती आहे ते. त्याला पुस्तक वस्तुमान म्हणतं आणि किलोत मोजतं. पृथ्वी त्या तांदळाला किती जोरानं ओढते ते पुस्तकातलं वजन. ते बल आहे म्हणून न्यूटनमध्ये : ५ × ९.८ = ४९ न्यूटन. मुलाला एवढं सांगा की परीक्षेत 'वजन' हा शब्द दिसला की उत्तरापुढे न्यूटन आणि आकृतीत खाली बाण. 'वस्तुमान' दिसलं तर किलो, आणि बाण नाही.

न्यूटन हा आकडा हाताला कळायला हवा. नागपुरात त्याला सोपा उपाय आहे : साधारण १०० ग्रॅमचं लहानसं संत्रं तळहातावर घ्या, हाताला जो भार जाणवतो तो जवळजवळ १ न्यूटन. अर्धा लिटर दुधाची पिशवी ५ न्यूटन. कूलरच्या टाकीत ५० लिटर पाणी भरलं की स्टँडवर नुसत्या पाण्याचे ४९० न्यूटन वाढतात, म्हणून मार्चमध्ये कूलर काढताना स्टँडचे नटबोल्ट आधी बघावेत, पाणी मग भरावं.

आता काट्याचं. दोन पारड्यांचा तराजू दोन बाजूंची ओढ एकमेकींशी ताडतो. पृथ्वीची ओढ दोन्ही पारड्यांवर सारखीच, म्हणून तो चंद्रावर नेला तरी ५ किलोला ५ किलोच दाखवेल. तानकाटा (स्प्रिंगचा काटा) आणि इलेक्ट्रॉनिक काटा तसे नाहीत, ते बल मोजतात. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात लोड सेल असतो. सर्वांत रुळलेल्या प्रकारात तो धातूचा एक लहान दांडा असतो. भार पडला की दांडा किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आतलं सर्किट ग्रॅमचा आकडा दाखवतं. म्हणजे मोजलं बल आणि लिहिलं वस्तुमान. चंद्रावर गुरुत्वत्वरण १.६२ आहे, तिथे हाच काटा ५ किलो तांदळाला सुमारे ८३० ग्रॅम म्हणेल.

सराफांना यातला फरक पृथ्वीवरही भोवतो. गुरुत्वत्वरण अक्षांश वाढला की वाढतं आणि उंची वाढली की कमी होतं. सूत्रानं काढलं तर ते नागपूरला ९.७८६ आणि दिल्लीला ९.७९१ च्या आसपास येतं. इथे जुळवलेला काटा तसाच उचलून दिल्लीला नेला तर १०० ग्रॅम सोन्याला तो सुमारे ५० मिलिग्रॅम जास्त दाखवेल. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजन ठेवून जुळवून घ्यावा लागतो. वस्तुमान आणि वजन एकच असती तर ही खटपट लागलीच नसती, हे मुलाला अवश्य दाखवा.

याच धड्यात आणखी एक गैरसमज असतो : अवकाश स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वत्वरण ८.७ असतं, म्हणजे जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के. अंतराळवीर तरंगतात कारण ते आणि त्यांचं यान एकत्रच पडत असतात, पायाखालचा आधार त्यांना वर ढकलत नाही. म्हणून शाळेत 'वजन' हा शब्द पृथ्वीच्या ओढीसाठीच राखावा आणि काट्यावर दिसतं त्याला 'काट्याचं वाचन' म्हणावं, असं आम्हाला वाटतं. 'भासमान वजन' हा शब्द बरोबर आहे, पण नववी-दहावीत तो गोंधळच वाढवतो.

प्रश्न : आमच्या गाईडमध्ये छापलंय की पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाचं वरचं बल ही प्रतिक्रिया. दोन्ही समान आणि विरुद्ध आहेतच. पण कॉलेजातले सर म्हणाले, हे चूक. का चूक?
— अकरावी विज्ञानची विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : तुझे सर बरोबर सांगतात. गाईडमधली ही चूक फार जुनी आणि फार पसरलेली आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली (प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया) जोडी ओळखायला तोच तीन रकान्यांचा तक्ता घे आणि 'कोण' आणि 'कोणावर' यांची अदलाबदल कर. 'पृथ्वी पुस्तकाला ओढते' याची जोडी 'पुस्तक पृथ्वीला ओढतं'. 'टेबल पुस्तकाला वर ढकलतं' याची जोडी 'पुस्तक टेबलाला खाली ढकलतं'. जोडीतली दोन बलं कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून ती एका एफबीडीत कधीच एकत्र येत नाहीत. आणि दोन्ही एकाच जातीची असतात : एक गुरुत्वाकर्षण तर दुसरंही गुरुत्वाकर्षण, एक स्पर्शाचं तर दुसरंही स्पर्शाचं. गाईडमधली दोन बलं एकाच पुस्तकावर आहेत आणि वेगळ्या जातीची आहेत. ती समान आहेत ती तिसऱ्या नियमानं नव्हे, तर पुस्तक स्थिर आहे म्हणून, म्हणजे पहिल्या नियमानं.

फरक फक्त नावाचा आहे असं वाटत असेल तर लिफ्टमध्ये जाऊन बघ. समज तुझं वस्तुमान ५० किलो आहे. लिफ्ट थांबलेली असताना किंवा एकसारख्या वेगानं वर जाताना लिफ्टचा तळ तुला ४९० न्यूटननं वर ढकलतो. वर जायला सुरुवात करताना त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर तळाचं बल ५० × (९.८ + १) = ५४० न्यूटन होतं. खाली जायला निघताना ५० × (९.८ − १) = ४४० न्यूटन. तुझं वजन मात्र सगळा वेळ ४९०च. म्हणजे गाईडमधली 'क्रिया' आणि 'प्रतिक्रिया' इथे समान उरलीच नाहीत. खरी जोडी अशी कधी तुटत नाही. लिफ्टनं कितीही झटका दिला तरी तळ तुला जेवढा ढकलतो तेवढंच तू तळाला ढकलतेस.

हे करून बघायचं असेल तर काट्याची तबकडी असलेला जुन्या पद्धतीचा वजनकाटा घे. वरच्या तीन आकड्यांना तो ५०, ५५ आणि ४५ किलोच्या जवळपास दाखवेल. घरातले डिजिटल काटे बहुधा आकडा स्थिरावला की तो धरून ठेवतात, त्यामुळे लिफ्ट निघाल्यावरही जुनाच आकडा दिसत राहतो आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. झटका एक-दोन सेकंदच टिकतो, म्हणून मोबाइलवर चित्रीकरण करून मग सावकाश बघ.

पुस्तक पृथ्वीला ओढतं तर पृथ्वी का हलत नाही, हेही तू विचारलं असतंस. अर्ध्या किलोचं पुस्तक पृथ्वीला ४.९ न्यूटननं ओढतं, आणि पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ वर २४ शून्यं इतके किलो. भागाकार करून बघ, त्वरण येईल ते दशांश चिन्हानंतर २४ शून्यं आणि मग ८.

प्रश्न : जिल्हा परिषदेची शाळा आहे. तानकाटा एकच, त्याचीही स्प्रिंग सैल पडलेली. ४० मुलांना हाताळायला काही स्वस्तातलं करता येईल का? रबरबँडचा काटा केला होता, पण रोज वेगळं वाचन येतं.
— शिक्षक, काटोल तालुका

उत्तर : सर, रबरबँडनं बल दाखवावं, मोजू नये. रबर बलाच्या प्रमाणात ताणलं जात नाही, भार तसाच ठेवला तर हळूहळू लांबत राहतं, आणि भार काढताना वेगळ्याच वाटेनं परत येतं. शिवाय ताणलेलं रबर तापलं की आकसतं. जानेवारीच्या सकाळी केलेल्या खुणा आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी जुळणारच नाहीत. तुमच्या मुलांची चूक नव्हती.

हार्डवेअरच्या दुकानातून ओढायची मऊ स्प्रिंग घ्या, दोन्ही टोकांना आकडा असलेली. पेनातली स्प्रिंग दाबायची असते, ती इथे चालत नाही. निवडण्याची खूण अशी : अर्धा लिटर दुधाची पिशवी अडकवल्यावर स्प्रिंग १० ते १५ सेंटिमीटर लांबली पाहिजे आणि काढल्यावर पूर्ण मूळ लांबीला आली पाहिजे. परत न येणारी स्प्रिंग मर्यादेबाहेर ताणली गेली आहे. तुमच्या जुन्या काट्याचं तेच झालं असावं. स्प्रिंग एका फळीवर खिळ्याला टांगा, मागे पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा, खालच्या टोकाला तारेचा दर्शक लावा.

वजनं विकत घ्यायला नकोत, पाणी आहे. १ न्यूटन म्हणजे १०२ ग्रॅमची ओढ, म्हणजे १०२ मिलिलिटर पाणी. पातळ प्लास्टिकची पिशवी स्प्रिंगला अडकवा, रिकामी असतानाच शून्याची खूण करा म्हणजे पिशवीचं वजन वेगळं धरावं लागत नाही. मग सिरिंजनं मोजून १०२ मिलिलिटर ओता, खूण करा, १ लिहा. असं पाच वेळा. खुणांमधली अंतरं सारखी आली तर काटा चांगला झाला. पहिली खूणच जवळ आली आणि पुढच्या नीट आल्या तर घाबरू नका, स्प्रिंगची वेटोळी आधीपासून एकमेकींवर घट्ट बसलेली असतात आणि ती सुटायलाच थोडं बल जातं. अशा वेळी खालच्या टोकाला एक-दोन नटांचा कायमचा भार अडकवून ठेवा आणि तिथून शून्य धरा.

काटा आडवा धरून ठोकळा ओढायचा असेल तर शून्य पुन्हा बघा. उभ्या काट्यात आकड्याचं आणि दर्शकाचं वजन स्प्रिंग ओढत असतं, आडवा केला की ते जातं आणि दर्शक शून्याच्या मागे सरकतो. विकतच्या तानकाट्यातही हे होतं. घर्षणाच्या प्रयोगात आकडे थोडे कमी येतात ते बरेचदा यामुळे.

प्रश्न : अकरावीच्या एफबीडी तपासताना रोज तेच बाण खोडावे लागतात. वर फेकलेल्या चेंडूवर 'हाताचं बल', घसरत्या पेटीवर 'गतीचं बल', आणि बऱ्याच जणांचा 'वस्तुमान गुणिले त्वरण' असाही एक बाण. उतारावर तर साइन-कोसाइनची अदलाबदल ठरलेलीच. एखादी पक्की रीत आहे का?
— कनिष्ठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका, धरमपेठ

उत्तर : रीत आहे, आणि तिला आम्ही प्रदक्षिणा म्हणतो. आधी सबंध प्रसंगाचं चित्र काढायचं. ज्या वस्तूचा विचार करायचा तिच्याभोवती तुटक रेषेचा घेरा घालायचा. मग पेन्सिलचं टोक घेऱ्यावरून फिरवत न्यायचं नाही, बोट फिरवायचं, कारण बोट अडखळतं. जिथे जिथे बाहेरची वस्तू घेऱ्याला शिवते तिथे थांबायचं आणि तिचं नाव लिहायचं. घट्ट पृष्ठभाग शिवत असेल तर दोन शक्यता : त्याला लंब बल आणि त्याला समांतर घर्षण. दोरी शिवत असेल तर एकच बल, दोरीच्या दिशेनं, वस्तूपासून बाहेर, कारण दोरी ढकलू शकत नाही. प्रदक्षिणा पूर्ण झाली की शेवटी न शिवता ओढणारी पृथ्वी. शाळा-कॉलेजच्या यांत्रिकीत दुरून येणारं बल बहुधा तेवढंच. मगच शेजारी कोऱ्या जागेत वस्तूच्या जागी टिंब काढून बाण चढवायचे.

चेंडूभोवती प्रदक्षिणा घातली की हात कुठे शिवतच नाही, तो केव्हाच सुटलेला. मुलं जे 'हाताचं बल' म्हणतात तो चेंडूचा वेग असतो. ते त्यांना नाकारू नका, त्याला वेगळी जागा द्या. वेग आणि त्वरण हे बाण टिंबाला न चिकटवता बाजूला, दुहेरी रेषेनं काढायचे. 'वस्तुमान गुणिले त्वरण' हे बल नसून सगळ्या बलांची बेरीज जिच्याबरोबर येते ती समीकरणाची दुसरी बाजू. बाजूला दुहेरी बाण काढायची सवय लागली की तो जादा बाण आपोआप जातो.

कळमन्याच्या बाजारातलं उदाहरण घ्या. संत्र्यांचा २० किलोचा क्रेट फळीवरून ट्रकमध्ये दोरीनं ओढून चढवायचा आहे, फळीची लांबी तिच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे कोन ३० अंश. प्रदक्षिणेत दोनच वस्तू भेटतात, फळी आणि दोरी. बाण चार : फळीचं लंब बल, फळीचं घर्षण, दोरीचा ताण, पृथ्वीची ओढ १९६ न्यूटन. अक्ष फळीच्या दिशेनं घेतले तर वजनाचा फळीवरून खाली जाणारा घटक ९८ न्यूटन आणि फळीत दाबणारा सुमारे १७० न्यूटन. घर्षणांक, म्हणजे घर्षण आणि लंब बल यांचं गुणोत्तर, ०.३ धरला तर घर्षण ५१ न्यूटन, आणि क्रेट वर सरकतो आहे म्हणून ते खाली. एकसारख्या वेगानं चढवायला दोरीत ९८ + ५१ = १४९ न्यूटन ताण हवा. तोच क्रेट दोरी सैल सोडत खाली उतरवताना घर्षण फळीवरून वर होतं आणि ताण ४७ न्यूटनवर येतो. घर्षणाची दिशा क्रेट कुठे चाललाय त्यावरून ठरते, उतारावरून नाही. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी काढून घेतले की मुलांच्या लक्षात राहतं.

साइन-कोसाइनसाठी एकच कळकळीची सूचना : फळ्यावर उतार ४५ अंशांचा काढू नका. हात सवयीनं तसाच काढतो, आणि मग दोन्ही घटक सारखेच दिसतात, कुठला मोठा हे चित्र सांगू शकत नाही. १५-२० अंशांचा पसरट उतार काढा. मग फळीत दाबणारा घटक मोठा आणि घसरवणारा छोटा हे डोळ्यांनाच दिसतं. तरी शंका आली तर फळी मनातल्या मनात जमिनीवर आडवी टाकायची. कोन शून्य, घसरवणारं बल शून्य व्हायला हवं. शून्याचा साइनच शून्य असतो, म्हणून घसरवणारा घटक साइनचा.

प्रश्न : तान्हा पोळ्याला लहान भावाचा लाकडी बैल दोरीनं ओढत होतो. दोरी तिरपी असते. मी गणित केलं, लंब बल वजनाएवढंच धरलं, तर उत्तर चुकलं. सपाट रस्त्यावर तर दोन्ही समान असतात ना?
— अकरावीचा विद्यार्थी, महाल

उत्तर : सपाट रस्ता एवढी अट पुरत नाही. उभ्या दिशेत दुसरं कोणी हात लावत नसेल तरच ती समान असतात. तुझी तिरपी दोरी बैलाला पुढे ओढते तशी थोडी वरही उचलते.

बैल आणि चाकं मिळून एक वस्तू धर. वस्तुमान ४ किलो, वजन ३९.२ न्यूटन. दोरी रस्त्याशी ३० अंशांत, ताण १० न्यूटन. ताणाचा आडवा घटक ८.७ आणि उभा घटक ५ न्यूटन. उभ्या दिशेचा हिशेब : रस्ता आणि दोरी मिळून ३९.२ न्यूटन पेलतात, दोरी ५ पेलते, म्हणून रस्त्याचं लंब बल ३४.२ न्यूटन. बैल एकसारख्या वेगानं चालत असेल तर मागे ओढणारा रोध ८.७ न्यूटन. भावानं बैल मागून काठीनं, तेवढ्याच बलानं आणि कोनात, तिरका खाली दाबत पुढे ढकलला असता तर उलट झालं असतं, लंब बल ४४.२ न्यूटन झालं असतं. चाक जड जातं तेव्हा ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं पडतं त्याचं कारण हेच.

तुझ्या कागदावर दुसरी एक चूक दिसते ती सांगतो. ताणाचे घटक काढल्यावर मूळ तिरपा बाणही तू तसाच ठेवलास आणि समीकरणात तिन्ही घेतलेस. घटक काढले की मूळ बाणावर नागमोडी रेघ मारून तो रद्द करायचा, नाहीतर एकच दोरी दोनदा ओढते.

प्रश्न : तानकाट्याच्या दोन्ही टोकांना दोरी बांधून, कप्प्यांवरून दोन्हीकडे ५-५ न्यूटनची वजनं सोडली तर काटा १० दाखवेल की शून्य?
— वाचक, हिंगणा

उत्तर : ५ न्यूटन. एका बाजूचं वजन काढून ते टोक भिंतीतल्या खुंटीला बांधलं तर काटा ५ दाखवतो, यावर कुणाचा वाद नसतो. तेव्हा खुंटीही त्याला ५ न्यूटननंच ओढत असते. खुंटीच्या जागी वजन आलं, काट्याला फरक कळत नाही.

प्रश्न : छताचा पंखा सुरू केल्यावर त्याच्या दांड्यातला ताण वाढतो की कमी होतो? घरात दोन मतं आहेत.
— वाचक, कामठी

उत्तर : कमी होतो. पंखा हवेला खाली लोटतो, म्हणून हवा पंख्याला वर लोटते. दांड्याला मग पंख्याच्या वजनातून ही लोट वजा जाता उरलेलं पेलावं लागतं. वजन बदलत नाही, दांड्याचा वाटा बदलतो.

दांड्यात काटा बसवता येत नाही, पण स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि बॅटरीवरचा छोटा पंखा घेऊन हे दिसतं. पंखा वरच्या दिशेला हवा फेकेल असा, काट्यावर उभ्या केलेल्या तीन उंच टेकूंवर ठेवा, म्हणजे खालून हवा आत यायला वाट मिळते. हवा वर जाते, पंखा खाली दाबला जातो आणि आकडा काही ग्रॅमनं वाढतो. पंखा उलटा करून हवा थेट काट्याच्या तबकडीवर सोडू नका. हवा पंख्याला जेवढं वर लोटते, जवळपास तेवढंच ती तबकडीला खाली दाबते आणि आकडा जागचा हलत नाही.